शाओलिनची आडवाट: चिनी युद्धकलेचे परदेशी विद्यार्थी आणि महाराष्ट्र

चिनी युद्धकला शिकण्यासाठी देश सोडून जाणाऱ्यांचा माग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नीट लावता येतो. सुरुवातीला ओकिनावा बेटावरचे तरुण फूझौ बंदरात उतरले. विसाव्या शतकाच्या मध्यावर पाश्चात्त्य विद्यार्थी हाँगकाँग आणि तैवानला जाऊ लागले. १९८० नंतर ओघ हेनान प्रांतातल्या शाओलिन मठाकडे वळला. महाराष्ट्र या वाटेवर उशिरा आला आणि तोही आडवाटेने: आधी जपानी कराटेचे वर्ग, जोडीला हाँगकाँगचे चित्रपट आणि शेवटी वुशू हा स्पर्धात्मक खेळ. गुरूची कीर्ती आणि शिष्याची जिद्द यांना या इतिहासात स्थान आहेच. पण कोणी, कधी आणि कुठे जाऊन शिकायचे हे बहुतेक वेळा बंदरे, युद्धे, सरकारे आणि व्हिसा यांनी ठरवले.

मठ, दंतकथा आणि ह्युएन त्सांग

शाओलिन मठ हेनान प्रांतात, देंगफेंग शहराजवळ सोंगशान पर्वताच्या कुशीत आहे. उत्तर वेई घराण्यातील सम्राट श्याओवेन याने तो इसवी सन ४९५ मध्ये बातुओ नावाच्या भारतीय भिक्षूसाठी बांधला. बोधिधर्म त्यानंतरचा. तो दक्षिण भारतातून आला, मठावरच्या डोंगरातील गुहेत भिंतीकडे तोंड करून नऊ वर्षे ध्यानस्थ बसला आणि अंग आखडलेल्या भिक्षूंना त्याने व्यायाम शिकवला, अशी कथा सांगितली जाते. भारतातल्या मार्शल आर्टच्या वर्गांत ही कथा हमखास ऐकायला मिळते आणि 'कुंग फू मूळचे आपलेच' असा तिचा शेवट होतो.

पुरावा मात्र वेगळे सांगतो. बोधिधर्माविषयीच्या जुन्या चिनी चरित्रांत युद्धकलेचा उल्लेख नाही. व्यायामाचे श्रेय त्याला देणारा 'यीजिन जिंग' हा ग्रंथ १६२४ च्या सुमाराचा, म्हणजे बोधिधर्मानंतर सुमारे हजार वर्षांनी लिहिलेला आहे. त्याच्या प्रस्तावना बनावट असल्याचे तांग हाओ या चिनी इतिहासकाराने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले. मठाच्या भारतीय संस्थापकाविषयी शंका नाही. मठातल्या युद्धकलेचा उगम भारतीय होता, याला आधार नाही.

शाओलिनच्या भिक्षूंनी शस्त्र हाती घेतल्याचा भक्कम पुरावा ६२१ सालचा आहे. तांग घराण्याच्या सत्तास्थापनेच्या धामधुमीत तेरा भिक्षूंनी राजपुत्र ली शिमिन याला मदत केली. त्याबद्दल मठाला जमीन आणि मान मिळाला आणि ७२८ मध्ये ही हकिकत शिलालेखावर कोरली गेली. हाच ली शिमिन पुढे सम्राट ताइझोंग झाला.

याच सम्राटाच्या काळात शाओलिन आणि महाराष्ट्र एका माणसाच्या प्रवासात जोडले गेले. भारतात आलेल्या ह्युएन त्सांग या चिनी बौद्ध भिक्षूचा जन्म लुओयांगजवळच्या गौशी इथला, म्हणजे शाओलिनच्याच पंचक्रोशीतला. दुसरा पुलकेशी राज्य करत असताना, ६४१ च्या आसपास, तो महाराष्ट्रात आला. इथले लोक उंचेपुरे, स्वाभिमानी, उपकाराची जाण ठेवणारे आणि अपमानाचा सूड घेणारे आहेत; सूड घेण्याआधी ते शत्रूला सूचना देतात, असे त्याने नोंदवले. राजाच्या पदरी शेकडो योद्धे असून लढाईपूर्वी ते मद्य पितात आणि हत्तींनाही पाजतात, असेही तो सांगतो. ६४५ मध्ये चीनला परतल्यावर संस्कृत ग्रंथांच्या भाषांतरासाठी शाओलिनमध्ये राहू द्यावे, अशी विनंती त्याने ताइझोंगला केली. सम्राटाने ती नाकारून त्याला राजधानीत ठेवून घेतले. त्या काळी शाओलिन विद्वानाला हवासा वाटणारा मठ होता. लढाई शिकण्यासाठी परदेशातून तिथे येण्याची रीत अजून पडायची होती.

मठातले पहिले बाहेरचे विद्यार्थी

शाओलिनला शिकायला आलेले ज्ञात बाहेरचे विद्यार्थी चिनीच होते. सोळाव्या शतकात मिंग राजवटीच्या किनाऱ्यावर चाच्यांचा उपद्रव वाढला, तेव्हा त्यांच्याशी लढणाऱ्यांत शाओलिनचे भिक्षूही होते. त्यांची ख्याती लाठीची होती. हात-पायांची लढत, जी आज शाओलिनची ओळख आहे, ती पुढे सतराव्या शतकात प्रतिष्ठा पावली.

सेनापती यू दायोऊ १५६० च्या सुमारास मठात गेला आणि भिक्षूंची लाठी पाहून निराश झाला. जुने कसब हरवले आहे, असे त्याचे मत पडले. दोन तरुण भिक्षूंना त्याने दक्षिणेतल्या मोहिमेवर सोबत नेले, सुमारे तीन वर्षे शिकवले आणि परत पाठवले. म्हणजे ज्या मठात जग शिकायला जाते, त्या मठालाही एकदा बाहेरून शिकावे लागले. त्यानंतरच्या पिढीत चेंग झोंगयोऊ हा सधन घरातला तरुण दहा वर्षांहून अधिक काळ मठात राहून लाठी शिकला आणि त्याने तिच्यावर सचित्र ग्रंथ लिहिला. तो सतराव्या शतकाच्या आरंभी छापला गेला. शाओलिनच्या लाठीविषयी आज जे नेमके माहीत आहे, त्याचा मोठा भाग या ग्रंथातून येतो.

मठातील सहस्रबुद्ध दालनाच्या फरशीत अठ्ठेचाळीस खळगे आहेत. भिक्षू पिढ्यानपिढ्या ठरावीक जागी उभे राहून पाय आपटत सराव करत आणि त्यामुळे फरशी खचली, असे मठात सांगतात. जवळच्या दुसऱ्या दालनातील भित्तिचित्रांत सावळ्या आणि गोऱ्या वर्णाचे भिक्षू जोडीने लढताना दिसतात. सावळे भिक्षू भारतीय असावेत, असा अर्थ अनेकांनी काढला. शोरिंजी केंपो या युद्धकलेचा जपानी संस्थापक सो दोशिन याने १९३६ मध्ये ही चित्रे पाहिल्याचे सांगितले आणि त्यांना आपल्या पंथाच्या कथेत मोठे स्थान दिले. चित्रे छिंग राजवटीतली, म्हणजे पुरातन नव्हेत. तरीही भारत आणि शाओलिन यांचे नाते लोकांच्या मनात ठसवण्याचे काम त्यांनी केले.

फूझौ बंदर

परदेशी विद्यार्थ्यांचे पहिले ठिकाण शाओलिन नव्हते. ते फुजियान प्रांतातले फूझौ बंदर होते. ओकिनावावर रियुक्यू राज्य होते आणि ते चीनच्या सम्राटाला खंडणी पाठवत असे. त्या व्यवहारासाठी फूझौमध्ये रियुक्यूच्या लोकांची वखारवजा वसाहत होती. व्यापारी, खलाशी आणि विद्यार्थी तिथे उतरत. युद्धकला शिकू पाहणाऱ्याला राहण्याची सोय आणि भाषा जाणणारी माणसे आयतीच मिळत.

हिगाओन्ना कान्र्यो (जन्म १८५३) १८७० च्या दशकात फूझौला गेला आणि काही वर्षे शिकून परतला. १८७९ मध्ये जपानने रियुक्यू राज्य खालसा केले आणि जुना व्यवहार संपला. पण वाट बुजली नाही. उएची कान्बुन १८९७ मध्ये फूझौला गेला, तिथे झोऊ झिहे या गुरूकडे शिकला आणि सुमारे बारा-तेरा वर्षांनी मायदेशी परतला. त्याच्या नावाने उएची-र्यू ही कराटेची शाखा ओळखली जाते. हिगाओन्नाचा शिष्य मियागी चोजून यानेही १९१५ मध्ये फूझौची वारी केली. त्याची शाखा गोजू-र्यू.

गुरू शोधायचा, त्याच्या घरची वा दुकानातली कामे करायची आणि महिनोन्महिने एकाच पवित्र्यात उभे राहायचे, ही त्या काळची पद्धत. गोजू-र्यूमधला 'सान्चिन' हा पायाभूत काता, म्हणजे ठरावीक हालचालींचा संच, याच परंपरेतला. पायांची बोटे आत वळवून, श्वास आवळून टाकलेली ती सावकाश पावले मुंबई-ठाण्यातल्या गोजू-र्यूच्या वर्गातही गिरवली जातात. फूझौच्या गल्ल्यांतले शिक्षण ओकिनावा आणि जपानमार्गे महाराष्ट्रात पोचले, तेव्हा त्याचा चिनी पत्ता पुसला गेला होता.

बर्लिन, १९३६

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत चीन आणि महाराष्ट्र या दोन्ही ठिकाणी व्यायामाला राष्ट्रकार्याचे रूप आले. शांघायमध्ये १९१० मध्ये जिंगवू संघटना स्थापन झाली. तिने घराण्यांच्या गुप्त विद्या वर्ग भरवून, छापील पुस्तके काढून शिकवायला सुरुवात केली आणि आग्नेय आशियातल्या चिनी वसाहतींत शाखा काढल्या. १९२८ मध्ये नानजिंगला केंद्रीय गुओशू (राष्ट्रीय युद्धकला) संस्था उभी राहिली. त्याच वर्षी यादवी युद्धात शी योऊसान या सेनानीने शाओलिन मठाला आग लावली आणि मठाच्या मुख्य इमारती व ग्रंथ जळाले. म्हणजे युद्धकलेचे केंद्र डोंगरातल्या मठाकडून सरकारी संस्थेकडे सरकत असतानाच मठ राख झाला.

महाराष्ट्रातही तालमीचे व्यायामशाळेत रूपांतर होत होते. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम यांना तिथे शिस्तबद्ध अभ्यासक्रमाचे रूप मिळाले. बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांच्या संपादनाखाली १९३६ पासून मराठीत 'व्यायाम ज्ञानकोश' निघू लागला आणि त्याचे दहा खंड झाले. गुरूच्या तोंडी असलेली विद्या कागदावर उतरवण्याची गरज दोन्ही देशांना एकाच सुमारास वाटली.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने या दोन चळवळी एकाच शहरात आल्या. चीनने खेळाडूंबरोबर गुओशूचे नऊ जणांचे पथक पाठवले होते: सहा पुरुष, तीन स्त्रिया. त्यांनी हँबुर्ग आणि बर्लिनमध्ये हातांचे व शस्त्रांचे खेळ केले. अमरावतीच्या मंडळाचे पथक डॉ. सिद्धनाथ काणे यांच्या नेतृत्वाखाली बर्लिनला गेले आणि त्याने मल्लखांब, कबड्डी व इतर देशी खेळांची प्रात्यक्षिके दिली. दोन्ही पथके दाखवायला गेली होती, शिकायला नव्हे. परक्या सत्तेखालचा किंवा परक्यांनी पोखरलेला देश आपले शरीर कमकुवत नाही, हे जगाला सांगत होता.

या प्रवासांचे परिणाम दूरगामी ठरले. चिनी पथकातले झांग वेनग्वांग, झेंग हुआइश्यान आणि वेन जिंगमिंग पुढे चीनच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयांत प्राध्यापक झाले. १९५० च्या दशकात सरकारने वुशूचे जे प्रमाणित रूप घडवले, ते याच पिढीने शिकवले. अमरावतीचे मंडळही शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयात वाढले आणि महाराष्ट्रातल्या शाळांचे क्रीडाशिक्षक तिथून घडले.

बंद दरवाजा आणि पडद्यावरचा गुरू

१९४९ नंतर मुख्य भूमीवरचा चीन परदेशी विद्यार्थ्यांसाठी जवळपास बंद झाला. अनेक गुरू हाँगकाँग आणि तैवानला निघून गेले आणि विद्यार्थीही तिकडेच वळले. फोशानहून आलेल्या इप मान यांनी १९५० पासून हाँगकाँगमध्ये विंग चुन ही युद्धशैली शिकवली. ब्रूस ली त्यांचा शिष्य. अमेरिकी लेखक रॉबर्ट स्मिथ १९५९ ते १९६२ या काळात तैवानात शिकला. चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या काळात जुनी घराणी दडपली गेली. मात्र सरकारी वुशू पथके टिकली. अशाच एका पथकातून अकरा वर्षांचा ली लिआनजिए, म्हणजे पुढचा जेट ली, १९७४ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला.

भारतीयांना हा दरवाजा आणखी घट्ट बंद होता. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांमुळे मराठी घरांत चीनविषयी आपुलकी होती. १९६२ च्या युद्धाने ती आटली. दोन्ही देशांचे राजदूत एकमेकांकडे परत गेले ते थेट १९७६ मध्ये. मधल्या काळात युद्धकला शिकायला चीनला जाण्याचा विचारही मुंबईतला तरुण करू शकत नव्हता.

ही पोकळी चित्रपटांनी आणि जपानी कराटेने भरली. १९७३ च्या 'एंटर द ड्रॅगन'ने ब्रूस ली घरोघरी पोचवला. १९७० च्या दशकात मुंबईत कराटेचे वर्ग रुजले. शिकवणाऱ्यांच्या नजरा जपानकडे लागलेल्या असत, कारण प्रमाणपत्रे तिथून येत. १९८३ मध्ये मिथुन चक्रवर्तींचा 'कराटे' हा हिंदी चित्रपटही आला. परदेशी जाऊन शिकण्याचे मुंबईतले सर्वांत गाजलेले उदाहरणही चीनचे नाही: सायन कोळीवाड्यात वाढलेला अक्षय कुमार बँकॉकला गेला आणि हॉटेलात काम करत मुए थाय शिकला. जिथे व्हिसा मिळे आणि पोटापाण्याची सोय होई, तिथे शिष्य जाई. थायलंड त्या काळी चीनपेक्षा जवळ होते ते याच अर्थाने.

देंगफेंगची शाळानगरी

१९७८ मध्ये चीनने आर्थिक सुधारणांचे धोरण स्वीकारले आणि १९८२ मध्ये जेट लीचा 'शाओलिन टेम्पल' प्रदर्शित झाला. खऱ्या मठात आणि परिसरात चित्रित झालेल्या या चित्रपटाने चिनी मुलांना वेड लावले. ती घर सोडून देंगफेंगला येऊ लागली. मठात तेव्हा मोजकेच वृद्ध भिक्षू होते. मागणी पुरवली ती गावातल्या खाजगी शाळांनी. १९७८ मध्ये सुरू झालेली तागोऊ ही शाळा वाढत वाढत हजारो विद्यार्थ्यांची झाली. पाठोपाठ डझनावारी शाळा निघाल्या आणि मठाच्या दरीत दुकाने, खानावळी, वसतिगृहे यांची दाटी झाली. २००० नंतर प्रशासनाने दरीतली बांधकामे पाडून शाळा शहराकडे हलवल्या. २०१० मध्ये देंगफेंगच्या ऐतिहासिक वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यात शाओलिनही आहे.

त्यामुळे 'शाओलिनला शिकून आलो' या वाक्याचा अर्थ बहुधा 'देंगफेंगच्या एखाद्या शाळेत शिकून आलो' असा असतो. काही शाळा परदेशी मुलांची वेगळी तुकडी करतात, राहण्याची बरी सोय देतात, सोबत दुभाषा असतो आणि शुल्क महिन्याच्या हिशेबाने घेतात. दिवस उजाडण्याआधी धावण्याने सुरू होतो. मग पाय ताणणे, सरळ लाथा आणि पाच मूळ पवित्रे: मा बू, गोंग बू, पू बू, शू बू, शिए बू. मा बूमध्ये मांड्या जमिनीला समांतर आणि पाठ ताठ ठेवून, घोड्यावर मांड ठोकल्यासारखे उभे राहायचे. पहिल्या आठवड्यात मिनिटभरातच मांड्या थरथरतात. कोल्हापूरच्या तालमीत नव्या पोराकडून आधी जोर-बैठका काढून घेतात आणि डाव नंतर दाखवतात, हिशेब तोच. दुपारी ठरावीक हालचालींचे संच, शस्त्रे किंवा झुंज. अधूनमधून बोधिधर्माच्या गुहेपर्यंत पायऱ्या चढणे आणि हात-पाय टेकून उतरणे.

देंगफेंग हे एकच ठिकाण नव्हे. हेनानमधलेच चेनजियागोऊ हे गाव ताइची छुआनच्या चेन घराण्याचे. हुबेई प्रांतातला वुदांग पर्वत ताओ पंथीय परंपरेचा. बीजिंगचे क्रीडा विद्यापीठ स्पर्धात्मक वुशूचे. डोंगरातला 'पंथ' हवा की स्पर्धेतले पदक, यावर ठिकाण ठरते.

मराठी वाचकाच्या ओळखीचा आणखी एक दुवा याच प्रांतात आहे. लुओयांगच्या श्वेताश्व मठाच्या आवारात भारताच्या मदतीने सांचीच्या धर्तीवर बौद्ध मंदिर बांधले गेले. मे २०१० मध्ये चीनच्या दौऱ्यावर असताना तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी त्याचे लोकार्पण केले. लुओयांगहून शाओलिन रस्त्याने दीड-दोन तासांवर आहे.

वुशू: खेळाच्या वाटेने चीनला

डिसेंबर १९८८ मध्ये राजीव गांधी चीनला गेले आणि संबंधांची गाडी रुळावर आली. १९८९ मध्ये भारतीय वुशू संघटना स्थापन झाली. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत वुशूचा समावेश झाला, त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय वुशू महासंघ निघाला आणि १९९१ मध्ये बीजिंगलाच पहिली जागतिक स्पर्धा भरली. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबईतला चिनी वाणिज्य दूतावासही पुन्हा उघडला. चीनला जाण्याचे कायदेशीर कारण, निमंत्रण देणारी संस्था आणि व्हिसाची खिडकी या तिन्ही गोष्टी चार वर्षांत जमून आल्या.

वुशूचे दोन भाग आहेत. ताओलूमध्ये खेळाडू गालिच्यावर ठरावीक रचना सादर करतो: छांगछुआन, नानछुआन, ताइची छुआन किंवा तलवार, लाठी, भाला. हालचालींचा दर्जा, एकूण सादरीकरण आणि काठिण्य यांचे मिळून दहा गुण. सांदा ही झुंज आहे. ८० सेंटीमीटर उंचीच्या आठ मीटर चौरस मंचावर ठोसे, लाथा आणि पाडणे. दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, दोन जिंकणारा विजयी. पाडण्याला गुण असल्यामुळे कुस्तीच्या देशाला सांदा परका वाटला नाही. भारताची आशियाई पदके आली ती प्रामुख्याने सांदामध्ये आणि मणिपूर-हरियाणाच्या खेळाडूंकडून. २०१७ मध्ये कझानला पूजा कादियानने भारताला जागतिक स्पर्धेतले पहिले सुवर्ण मिळवून दिले. हांगझौच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ मध्ये, रोशिबिना देवीने रौप्य जिंकले.

महाराष्ट्रात वुशू शाळेच्या दारातून शिरला. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत तो आला आणि पदकाला व्यवहारी किंमत आली: दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण, पुढे सरकारी नोकरीतले पाच टक्के खेळाडू आरक्षण. त्यामुळे कराटे शिकवणारे अनेक वर्ग वुशूही शिकवू लागले. चीनचे प्रशिक्षणही त्यामुळे दोन प्रकारचे झाले. राष्ट्रीय संघातला खेळाडू सरकारी खर्चाने सराव शिबिराला किंवा स्पर्धेला जातो. हौशी तरुण किंवा वर्ग चालवणारा प्रशिक्षक पदरचे पैसे घालून जातो. पहिल्याला पदक हवे असते, दुसऱ्याला शाळेचे प्रमाणपत्र आणि परतल्यावर वर्गाच्या फलकावर लिहिता येईल असे नाव.

शांती नगरसारख्या वसाहती

या दुसऱ्या प्रकारचा विद्यार्थी मुख्यतः उपनगरांतून का येतो, याचे उत्तर मीरा रोड पूर्वेच्या शांती नगरसारख्या वसाहतींच्या घडणीत सापडते. मीरा-भाईंदर हा मुळात मिठागरे, भातशेती आणि आगरी-कोळी गावांचा पट्टा. १९८० च्या दशकात स्टेशनजवळच्या मोकळ्या जमिनीवर शांतीस्टार बिल्डर्सने सेक्टर पाडून शांती नगर उभारले. दुर्बल घटकांसाठीच्या घरांच्या किमतीवरून याच बिल्डरचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९० च्या निकालाने निवाऱ्याचा हक्क जगण्याच्या हक्काशी जोडला. मीरा-भाईंदरची १९८५ मध्ये नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या १ लाख ७५ हजार होती. २००१ मध्ये ५ लाख २० हजार आणि २०११ मध्ये ८ लाख ९ हजार झाली.

अशा वसाहतीत तालीम उभी राहणे अवघड होते. आखाड्याला खोदलेला हौदा लागतो. त्यात लाल माती चाळून ताक, तेल, हळद, कापूर, लिंबू घालावे लागते, ती रोज खणावी लागते. त्यासाठी जागा, गावकीचा पैसा आणि पहाटे हजर असणारा वस्ताद हवा. चार मजली इमारतींच्या रांगेत यातले काहीच नव्हते. होते ते शाळेचे सभागृह, सोसायटीचे आवार आणि गच्ची. कराटे, तायक्वांदो, कुंग फू यांना तेवढे पुरते. संध्याकाळी तासभर, आठवड्यातून दोन-तीन दिवस, महिन्याची फी आणि ठरावीक काळाने पट्ट्याची परीक्षा, ही रचना लोकलने नोकरीला जाणाऱ्या आई-बापांच्या वेळापत्रकात बसली. गावाकडचा मुलगा तालमीच्या नावाने ओळखला जाई. इथला मुलगा पट्ट्याच्या रंगाने. पट्ट्यांची शिडी संपली की पुढची पायरी म्हणून 'मूळ ठिकाणी' जाऊन शिकण्याची कल्पना आपोआप येते.

व्हिसाची कसोटी

ती कल्पना प्रत्यक्षात आणताना पहिला प्रश्न कागदांचा असतो. चीनमध्ये १८० दिवसांहून अधिक शिकायचे असेल तर एक्स-१ व्हिसा, त्याहून कमी असेल तर एक्स-२. एक्स-१ साठी परदेशी विद्यार्थी घेण्याची मान्यता असलेल्या संस्थेचा प्रवेश आणि चिनी सरकारी अर्ज लागतो. पोचल्यावर तीस दिवसांत निवास परवाना काढावा लागतो. युद्धकलेच्या प्रत्येक शाळेला अशी मान्यता नसते. म्हणून शाळेच्या संकेतस्थळावरची छायाचित्रे पाहण्याआधी तिचे निमंत्रणपत्र कोणत्या व्हिसाला चालते, हे विचारणे शहाणपणाचे ठरते.

कागद पुरे असूनही वाट बंद होऊ शकते. मार्च २०२० मध्ये चीनने महासाथीमुळे परदेशी नागरिकांचा प्रवेश थांबवला; नेहमीच्या पद्धतीने व्हिसा मिळणे मार्च २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाले. २०२० च्या सीमासंघर्षानंतर भारत-चीन थेट विमानेही बंद राहिली, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधली वर्षे मुंबईहून बँकॉक, सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे जाणे हाच उपाय होता.

वुशूच्या खेळाडूंना तर राजकारणाचा थेट फटका बसला. जुलै २०२३ मध्ये छेंगदूच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेसाठी अरुणाचल प्रदेशच्या तीन खेळाडूंना पासपोर्टवर नेहमीचा व्हिसा न देता वेगळा कागद टाचून देण्यात आला. निषेध म्हणून भारताने वुशूचा संघच पाठवला नाही. दोन महिन्यांनी हांगझौच्या आशियाई स्पर्धेलाही न्येमान वांग्सू, ओनिलू तेगा आणि मेपुंग लाम्गू या अरुणाचलच्या तिघी पोचू शकल्या नाहीत. भारताच्या तत्कालीन क्रीडामंत्र्यांनी आपला दौरा रद्द केला आणि रोशिबिना देवीने आपले रौप्यपदक या मैत्रिणींना अर्पण केले.

उलटी वाट

महाराष्ट्राच्या बाजूने या इतिहासाला पूरक अशी दुसरी वाटही आहे. पेशवाईच्या अखेरीस बाळंभट दादा देवधरांनी नावारूपाला आणलेला मल्लखांब शिकायला परदेशी विद्यार्थी मुंबईत येतात. शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी अनेक देशांच्या विद्यार्थ्यांना आणि प्रशिक्षकांना मल्लखांब शिकवला. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये याच मैदानावर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. वुशूच्या तुलनेत हा पसारा लहान आहे आणि फरकाची कारणेही उघड आहेत. चीनने १९५० च्या दशकातच आपली विद्या प्रमाणित केली, तिला नियमावली आणि गुणपद्धती दिली, चित्रपटांनी तिचा प्रचार केला आणि देंगफेंगने परदेशी विद्यार्थ्याच्या राहण्या-जेवण्याची बाजारपेठ उभी केली. मल्लखांबाला यातली पहिली पायरी चढायला कित्येक दशके जास्त लागली.

वुशू अजून ऑलिंपिकमध्ये नाही. २०२६ च्या डाकार युवा ऑलिंपिकच्या कार्यक्रमात मात्र त्याला जागा मिळाली. त्यामुळे शालेय वयातल्या खेळाडूंसाठी चीनमधल्या प्रशिक्षणाचे मोल वाढले आहे. विद्यार्थ्याच्या निवडीत मात्र फारसा बदल झालेला नाही. ओकिनावाच्या तरुणाला फूझौची वखार होती म्हणून फूझौ, विसाव्या शतकातल्या विद्यार्थ्याला मुख्य भूमी बंद होती म्हणून हाँगकाँग-तैवान, मुंबईच्या तरुणाला व्हिसा मिळत होता म्हणून बँकॉक. तसेच आजही मान्यता असलेली शाळा, थेट विमान आणि दोन सरकारांमधले बरे संबंध जिथे जुळतात, तिथेच शिष्य पोचतो.